नावाच्या आतले वाक्य: मराठी पवित्र शास्त्राच्या भाषांतर समितीस खुले पत्र

मराठी पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे आणि सुधारणेचे काम करणाऱ्या आदरणीय सभासदांस,

सप्रेम सलाम.

गेली २२ वर्षे मी आमच्या मंडळीच्या शब्बाथ शाळेत शिकवतो. नाताळच्या आधीच्या रविवारी यशयाचा नववा अध्याय वाचायचा, हा आमचा शिरस्ता. गेल्या वर्षी सहाव्या वचनाशी आलो, ‘अद्भुत मंत्री, समर्थ देव, सनातन पिता, शांतीचा अधिपती’, आणि दुसरीतल्या एका मुलीने हात वर केला. “सर, मंत्री म्हणजे कुठल्या खात्याचा?”

वर्गात कोणी हसले नाही. बाकीच्यांनाही तोच प्रश्न पडलेला दिसत होता. मी काहीतरी सांगून वेळ निभावून नेली, पण घरी आल्यावर तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. चूक त्या मुलीची नव्हती, आणि ज्यांनी तो शब्द योजला त्या जुन्या पंडितांचीही नव्हती. त्यांच्या मनातला मंत्री म्हणजे मंत्रणा देणारा, राजाशेजारी बसून त्याला शहाणपणाच्या चार गोष्टी सांगणारा. आजच्या मुलाला मंत्री म्हटले की शपथविधी, खातेवाटप आणि गाड्यांचा ताफा दिसतो. शब्द छापील पानावर जागच्या जागी राहिला आणि अर्थ मात्र घर सोडून गेला.

हिब्रूत तिथे ‘पेले योएत्स’ असे शब्द आहेत. ‘पेले’ म्हणजे माणसाच्या आवाक्याबाहेरचे, थक्क करणारे काम. देवाच्या अद्भुत कृत्यांसाठी हाच शब्द शास्त्रात येतो. ‘योएत्स’ म्हणजे सल्ला देणारा, बेत आखणारा. १६११ च्या इंग्रजी बायबलात या दोन शब्दांच्या मध्ये स्वल्पविराम पडला आणि एका नावाची दोन झाली. आपल्या मराठीने ती चूक केली नाही, दोन्ही शब्द एकत्र ठेवले, याचा मला अभिमान वाटतो. म्हणून ‘मंत्री’ हा शब्द काढूनच टाका असे मी म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी बसलेले ते वचन आहे. माझी आजी ते डोळे मिटून म्हणत असे. ‘सल्लागार’ घालावा तर त्याला आता विम्याचा आणि कंपन्यांचा वास येतो. ‘मसलत’ म्हणावे तर कारस्थानाची शंका येते. मूळ मजकूर राहू द्या. पण पानाच्या तळाशी एक ओळ द्या: इथे मंत्री म्हणजे मंत्रणा देणारा, ज्याचा सल्ला कधी चुकत नाही असा.

एवढ्यासाठीच हे पत्र आहे. मसीहाची हिब्रू नावे ऐकणाऱ्याला नाव आणि वाक्य एकाच वेळी ऐकू येत असत. मराठीत आणताना कुठे आपण नुसता ध्वनी राखला, तर कुठे नुसता अर्थ. दोन्ही एका जागी क्वचितच उरले. येत्या आवृत्तीत या प्रत्येक नावाशी मूळ हिब्रू उच्चार आणि साध्या मराठीत अर्थ सांगणारी तळटीप असावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्याच वचनातले शेवटचे नाव घ्या: ‘सार शालोम’. आपण म्हणतो शांतीचा अधिपती. मराठी कानाला शांती म्हणजे आवाज नसणे, भांडण नसणे. वर्गात मुले गप्प बसली की आम्ही शिक्षक ‘शांतता’ म्हणतो. शालोमच्या मुळाशी श-ल-म ही तीन अक्षरे आहेत आणि त्यांचा अर्थ पुरे होणे, अखंड असणे, देणे फिटणे. जिथे कुटुंब धडधाकट आहे, कणगीत धान्य आहे, शेजाऱ्याशी वैर नाही, डोक्यावर कर्ज नाही, तिथे शालोम आहे. आपल्याकडे ‘क्षेम’ हा शब्द होता, ‘योगक्षेम’ म्हणताना तो अजून येतो. पण या नावाची सगळ्यात जवळची खूण आपल्या रोजच्या तोंडात आहे आणि ती आपल्याला कुणी दाखवत नाही. आपण मराठी ख्रिस्ती माणसे भेटलो की ‘सलाम’ म्हणतो. या पत्राची सुरुवातही मी त्यानेच केली. तो अरबी शब्द आणि हिब्रू शालोम एकाच मुळाचे आहेत. हे मी वर्गात सांगितले तेव्हा मुलांनी उठून एकमेकांना मुद्दाम सलाम केला. तळटीपेत हे दोन ओळींत बसेल.

आता ‘मसीहा’ या शब्दाकडे येतो. शब्बाथ शाळेतल्या दहापैकी आठ मुलांना वाटते की येशू हे नाव आणि ख्रिस्त हे आडनाव. मोठ्यांपैकीही कितीतरी जणांना तसेच वाटते, फक्त ते बोलून दाखवत नाहीत. हिब्रू शब्द आहे ‘माशिआह’, आणि तो ‘माशाह’ या क्रियापदापासून आला: तेल लावणे, तेलाने माखणे. ग्रीक भाषेत त्याच अर्थाचा ‘ख्रिस्तोस’ झाला आणि त्यावरून आपला ख्रिस्त. योहानाच्या पहिल्या अध्यायात अंद्रिया आपल्या भावाला मसीहा सापडल्याचे सांगतो, तिथे शुभवर्तमान लिहिणारा स्वतःच थांबून या शब्दाचा ग्रीक अर्थ देतो. म्हणजे पहिली तळटीप योहानानेच लिहून ठेवली आहे. त्याला ती कमीपणाची वाटली नाही.

दुसऱ्या वाटेने हाच शब्द अरामीतून अरबीत ‘मसीह’ झाला, फारसीत ‘मसीहा’ झाला, आणि हिंदुस्थानीच्या बोटाला धरून मराठीत आला. आता वर्तमानपत्रात ‘गोरगरिबांचा मसीहा’ असे कुणाही डॉक्टरबद्दल, पुढाऱ्याबद्दल, नटाबद्दल छापून येते. त्यातून तेल पार पुसले गेले आहे. राहिला तो फक्त मदतीला धावून येणारा माणूस.

जुन्या करारात हा शब्द ४० पेक्षा थोड्या कमी ठिकाणी येतो, आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी तो भविष्यात येणाऱ्या कुणाबद्दल नसतो. लेवीयमध्ये तो अभिषेक झालेल्या याजकाबद्दल आहे. शौल जिवावर उठलेला असतानाही दावीद त्याच्यावर हात टाकत नाही, कारण शौल परमेश्वराचा ‘माशिआह’ आहे. आणि यशयाच्या ४५ व्या अध्यायात पारसाचा राजा कोरेश, जो इस्राएलाच्या देवाला ओळखतही नव्हता, त्यालाही हाच शब्द लावला आहे. मराठीत या सगळ्या जागी ‘अभिषिक्त’ येतो, आणि नव्या करारात एकदम ‘ख्रिस्त’. वाचणाऱ्याला कळणार कसे, की शौल, कोरेश आणि ख्रिस्त यांना जोडणारा एकच धागा आहे?

‘अभिषिक्त’ हा शब्द मला मनापासून आवडतो. १६७४ साली रायगडावर जे झाले त्याला आपण राज्याभिषेक म्हणतो, त्यामुळे मराठी माणसाला अभिषेक झालेला म्हणजे कोण हे समजवावे लागत नाही. राजा जन्माने होतो की अभिषेकाने, हा प्रश्न आपल्या इतिहासात जिवंतपणे विचारला गेलेला आहे. कमी पडते ते एवढेच, की आपल्या अभिषेकात पाणी आहे, दूध आहे, पंचामृत आहे. तेल डोळ्यांपुढे येत नाही. निर्गममध्ये अभिषेकाच्या तेलाची कृती मापासकट दिली आहे: गंधरस, दालचिनी, तज, आणि हे सगळे ज्यात मुरवायचे ते जैतुनाचे तेल. शमुवेल शिंगात तेल भरून बेथलेहेमात गेला आणि मेंढरांमागून बोलावून आणलेल्या धाकट्या पोराच्या डोक्यावर त्याने ते ओतले. तो वास, तो ओघळ त्या शब्दात आहे. मी मुलांना ‘माशाह’ म्हणजे ‘माखणे’ असे शिकवतो. या दोन शब्दांचे भाषाशास्त्राच्या दृष्टीने काही नाते नाही, सारखेपणा योगायोगाचा आहे, हेही त्यांना सांगतो. पण दिवाळीच्या पहाटे अंगाला तेल माखून घेतलेले पोर हा शब्द पुन्हा विसरत नाही.

‘येशू’ या नावाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण इथली उणीव अगदी उघड आहे. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात दूत योसेफाला सांगतो की त्याचे नाव येशू ठेव, कारण तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. मराठीत हा ‘कारण’ अधांतरी लोंबतो. येशू या अक्षरांत तारण्याचे काहीच दिसत नाही, मग कारण कसले? हिब्रूत ‘येशुआ’ हे ‘येहोशुआ’चे आखूड रूप आहे आणि त्याचा अर्थ ‘परमेश्वर तारतो’. म्हणजे दूताच्या बोलण्यात ‘तारणहार नाव ठेव, कारण तो तारील’ इतका सरळ सांधा आहे. मोशेनंतर इस्राएलाला यार्देनेपार नेणारा यहोशवा आणि येशू यांचे नाव एकच, हेही मराठीत दिसत नाही. खजुराच्या रविवारी आपण झावळ्या हलवत ‘होसान्ना’ म्हणतो, तोही याच धातूचा. ११८ व्या स्तोत्रातला ‘होशिआ ना’, म्हणजे ‘तार ना आता’. गर्दी त्याच्याकडे पाहून त्याच्याच नावाची आळवणी करत होती. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा किती तरी वेळ पान उलटू शकलो नाही.

‘इम्मानुएल’चा अर्थ मत्तयाने तिथल्या तिथेच दिला आहे, म्हणून तो आपल्याला ठाऊक. पण यशयाच्या सातव्या अध्यायातल्या ‘कुमारी’ला प्रामाणिक तळटीप हवी. हिब्रू शब्द ‘अल्मा’ आहे, म्हणजे लग्नाच्या वयाची तरुणी. ख्रिस्तपूर्व काळात झालेल्या ग्रीक भाषांतराने तिथे ‘पार्थेनोस’, म्हणजे पुरुषस्पर्श न झालेली, असा शब्द घातला आणि मत्तयाने तो घेतला. यावर जगभर वाद झाले आहेत. मराठीची गंमत अशी की आपला ‘कुमारी’ शब्द दोन्हीकडे झुकतो, लग्नपत्रिकेतली ‘कु.’ फक्त अविवाहित मुलगी सांगते. माझा विश्वास या तळटीपेने डळमळणार नाही. उलट वाचकापासून काही लपवले आहे असे त्याला मोठेपणी कुठून तरी कळले, तर त्याचा आपल्या छपाईवरचाच भरवसा उडेल.

ज्या नावाने मला सगळ्यात जास्त दिले, त्याबद्दल मात्र सविस्तर लिहू द्या. ते नाव ‘त्सेमाह’, म्हणजे अंकुर, कोंब. यिर्मया म्हणतो की परमेश्वर दाविदासाठी एक नीतिमान अंकुर उगवील. जखऱ्या तर माणसाचे नावच ते असल्याचे सांगतो आणि लगेच त्या नावातून क्रियापद काढतो: ‘त्सेमाह त्याचे नाव, आणि तो आपल्या जागी यित्समाह’, अंकुर त्याचे नाव आणि तो अंकुरेल. इथे मराठी हिब्रूच्या खांद्याला खांदा लावून उभी राहू शकते, कारण आपल्याकडेही नावातून क्रियापद निघते. ही संधी सोडू नका.

यशयाच्या अकराव्या अध्यायात शब्द वेगळे आहेत: ‘होतेर’ आणि ‘नेत्सेर’. तिथे आपल्या शास्त्रात इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटण्याची गोष्ट आहे. ‘धुमारा’ हा शब्द ज्याने निवडला त्याला माझे शतशः धन्यवाद. ज्याने तोडलेल्या झाडाच्या खोडातून पावसाळ्याच्या तोंडाला सरसरून वर आलेली कोवळी काडी पाहिली आहे, त्यालाच तो सुचेल. राजवंशाचे झाड तोडले गेले, फक्त बुंधा उरला, आणि त्या बुंध्यातून धुमारा. तो शब्द कृपा करून ‘शाखा’ करू नका. शाखा आता बँकेची असते.

‘नेत्सेर’ मधल्या न-त्स-र या अक्षरांचा आणि नासरेथ या गावाच्या नावाचा संबंध अनेक अभ्यासक लावतात. मत्तय म्हणतो की त्याला नासोरी म्हणतील असे संदेष्ट्यांनी सांगितले होते, पण शब्दशः तसे वचन जुन्या करारात कुठेच सापडत नाही. कदाचित त्याच्या कानात हा धुमाराच वाजत असावा. आणि ‘त्सेमाह’ची आणखी एक गोष्ट. ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी त्यासाठी ‘अनातोले’ हा शब्द घेतला, ज्याचा अर्थ उगवणे. पण ग्रीकमध्ये कोंब उगवतो तसा सूर्यही उगवतो. म्हणून लूकच्या पहिल्या अध्यायात म्हातारा जखऱ्या (हा संदेष्टा नव्हे, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप) आपल्या बाळाविषयी बोलताना वरून होणाऱ्या उदयाची, अंधारात बसलेल्यांवर पडणाऱ्या उजेडाची भाषा बोलतो. हिब्रूतला कोंब ग्रीकमधून जाताना पहाट झाला. मराठीत आपण भाताचे रोप उगवले म्हणतो आणि सूर्य उगवला असेही म्हणतो. म्हणजे दोन्ही अर्थ ज्याच्या पोटात मावतात ते क्रियापद आपल्याकडे आयते तयार आहे. इतक्या जवळ असलेली गोष्ट वाचकाला दाखवायची राहून जावी, याचे मला खरोखर वाईट वाटते.

यिर्मयाने त्याच जागी त्या अंकुराला आणखी एक नाव दिले: ‘परमेश्वर आमची नीतिमत्ता’, हिब्रूत ‘त्सिद्केनू’. ते नाव कोणाच्या तोंडावर फेकले होते ते मराठी वाचकाला कळत नाही. त्या वेळी यरुशलेमेत सिद्कीया राज्य करत होता. त्याचे मूळ नाव मत्तन्या. बाबेलच्या नबुखद्नेस्सराने त्याला गादीवर बसवताना ते बदलून सिद्कीया ठेवले, आणि त्याचाही अर्थ परमेश्वर, नीती, न्याय असाच. नाव न्यायाचे आणि राजा कमजोर, शब्द न पाळणारा. संदेष्टा त्याच अक्षरांची उलटापालट करून सांगतो की खऱ्या अर्थाने हे नाव शोभेल असा राजा येणार आहे. शिवाय ‘त्सेदेक’ म्हणजे नुसते सदाचरण नव्हे. गरिबाचा हक्क त्याच्या हातात पडणे, हा त्यातला मोठा भाग. यहुदी लोक दानधर्माला याच मुळाच्या शब्दाने ‘त्सदाका’ म्हणतात. ‘नीतिमत्ता’ या शब्दात ते सगळे मावत नाही.

इथे मला माझ्या दुसऱ्या विनंतीकडे यायचे आहे. ही नावे आपल्या आधी यहुदी लोकांची आहेत. ते ही वचने आपल्यासारखी वाचत नाहीत. यशयाच्या नवव्या अध्यायातली नावे त्यांचे थोर भाष्यकार राशी हिज्कीया राजाशी जोडतात. यहुद्यांनी १९१७ साली काढलेल्या इंग्रजी भाषांतरात तर ते लांबलचक नाव भाषांतर न करता हिब्रूतच ठेवले, कारण एल हे देवाचे नाव असलेली शेकडो हिब्रू नावे माणसांची असतात आणि त्यांचा अर्थ तो माणूस देव आहे असा होत नाही. तालमुद या त्यांच्या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात मसीहाचे नाव काय असेल याची चर्चा आहे. शीलाचे शिष्य म्हणतात शीलो, यन्नायचे शिष्य म्हणतात यिन्नोन, हनीनाचे शिष्य म्हणतात हनीना. प्रत्येकाला आपल्या गुरूच्या नावात तो दिसतो. कोणी म्हणते मेनाहेम, म्हणजे सांत्वन करणारा. आणि इ.स. १३२ साली रोमविरुद्ध उठलेल्या शिमोनाला रब्बी अकिवा यांनी मसीहा मानले, तेव्हा त्याच्या ‘बर कोसिबा’ या नावाचे ‘बर कोखबा’, ताऱ्याचा पुत्र झाले. पराभवानंतर त्याच नावाचे ‘बर कोझिबा’, लबाडीचा पुत्र असेही केले गेले. एका अक्षराच्या फरकात एवढी आशा आणि एवढी निराशा.

या लोकांतले काही मराठी बोलतात. कोकणातले बेने इस्राएल. किहीम, पेण, नवगाव अशा गावांची आडनावे लावणारे, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत ते. ज्या शब्दाच्या मुळाशी तेल आहे, तो शब्द ज्यांच्या धर्माचा, ती मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळत होती, हे आठवले की मला भरून येते. मलिदा या आभाराच्या विधीच्या वेळी ते एलियाहू हनाबीची आठवण करतात, तो मसीहाच्या आधी येणारा संदेष्टा. त्यांच्या रोजच्या प्रार्थनेत ‘तुझा सेवक दावीद याचा त्सेमाह लवकर उगव’ अशी मागणी आहे. आपण तळटीप शोधतो आहोत आणि ते तो शब्द रोज उच्चारत आहेत.

मुंबईतले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण केले. त्यामागे धर्मांतराचा हेतू होता, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे, आणि त्या समाजाने ते पुस्तक घेतले पण धर्म सोडला नाही, हेही. आज त्यांच्यातले बहुतेक लोक इस्राएल देशात, लोद, अश्दोद, दिमोना अशा शहरांत राहतात. जुन्या पिढीच्या घरात मराठी, बाजारात हिब्रू. दोन्ही भाषा आईच्या भाषेसारख्या येणारी इतकी माणसे जगात दुसरीकडे कुठे मिळतील? त्यांना विचारा. मसीहा कोण, या प्रश्नावर त्यांनी आपल्याशी सहमत व्हावे म्हणून नव्हे. ‘योएत्स’ला घरात काय म्हणता, ‘शालोम’ मराठीत सांगायचा झाला तर आजी काय म्हणाली असती, एवढेच विचारायला.

पंडिता रमाबाईंनी उतारवयात केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध शास्त्र मराठीत आणले. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनातल्या साध्या बायांना कळावे म्हणून. त्याच बायांनी खिळे जुळवले, पाने छापली. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई गेल्या आणि पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. त्यांच्यापाशी ना संगणक होता, ना समिती. आपल्यापाशी दोन्ही आहे.

माझ्या आजीच्या प्रतीच्या समासात मी गेली काही वर्षे पेन्सिलीने या नावांच्या टिपा लिहीत आलो आहे. यशया, यिर्मया, जखऱ्या, मत्तय आणि लूक एवढे झाले. दानीएल आणि स्तोत्रसंहिता अर्धवट आहेत. अक्षर बारीक आहे पण वाचता येते. समितीला उपयोग होणार असेल तर प्रत्येक पानाची छायाप्रत काढून पाठवीन. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर यशयाच्या पानावर डाव्या समासात आहे.

आपला नम्र,
शब्बाथ शाळेचा एक शिक्षक